बाद ठरवलेली छत्री

दिग्रसमध्ये मला दोन नावं आहेत. कापसाचे जिनिंगवाले आणि आडते ताडपत्रीवाला म्हणतात. बाकी गाव, त्यात माझे दोन्ही मेहुणे आले, पॅराशूटवाला म्हणतं आणि म्हणताना थोडं हसतं. मला त्या हसण्याचा राग येत नाही. विमान फक्त ढगांच्या वरून जाताना दिसतं अशा गावात एक माणूस विमानातून उड्या मारणाऱ्यांचं सामान तपासत बसतो, हे ऐकून मीही हसलो असतो. आणि घर चालतं ते ताडपत्रीवरच. छत्र्यांच्या कामाची वर्षाची मिळकत एकूण मिळकतीच्या पाव हिस्साही नाही. तरी टेबलावर छत्री उघडलेली असली, की ताडपत्रीच्या गिऱ्हाइकाला मी दुसऱ्या दिवशी यायला सांगतो.

अब्बांच्या दुकानात कापसाच्या गंजीवर टाकायच्या ताडपत्र्या शिवून मी मोठा झालो. शेजारच्या राज्यातल्या एका उडी शिबिराने जमिनीवर अंथरायची मोठी कापडं मागवली, ती पोचवायला गेलो आणि तिथल्या निवृत्त सुभेदारांनी माझी शिवण उलटीसुलटी करून पाहिली. म्हणाले, "टाका सरळ आहे. उतावळा दिसत नाहीस. शिकशील का?" तीन हंगाम त्यांच्या हाताखाली काढले, परीक्षा दिली, परवाना मिळाला. या कामाला रिगर म्हणतात. छत्री तपासायची, दुरुस्त करायची, घडी घालून बंद करायची आणि ती वर न्यायच्या लायकीची आहे की नाही ते सांगायचं.

लोक पहिला प्रश्न किमतीचा विचारतात, म्हणून आधी तेच सांगतो. एका माणसाच्या पाठीवर जे बांधलेलं असतं त्या सगळ्याला मिळून रिग म्हणतात. त्यात पट्टे आणि पाठीवरची पिशवी एकजीव शिवलेली असते. बाहेरून मागवून, वाहतूक आणि कस्टम धरून नुसती ही पिशवीच नवी पावणेतीन लाखांच्या आसपास पडते. मुख्य छत्री दोन लाख चाळीस हजार. राखीव छत्री, म्हणजे मुख्य छत्री दगा देईल तेव्हाची, दीड लाख. एक छोटं यंत्र असतं. माणूस बेशुद्ध झाला किंवा गोंधळला आणि जमीन फार जवळ आली, तर ते स्वतःहून राखीव छत्री मोकळी करतं. त्याचे एक लाख वीस हजार. मनगटावरचं उंची दाखवणारं घड्याळ वीस हजार, हेल्मेट पंधरा, अंगावरचा सूट पंचवीस, चष्मा दीड हजार. बेरीज आठ लाख सेहेचाळीस हजार पाचशे. ब्रँड आणि डॉलर यांच्याप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं. हे आकडे ऐकून गावातले लोक म्हणतात, "एवढ्यात त ट्रॅक्टर येते."

गिऱ्हाइकांचेही नमुने पाहिले. एक आडत्या छत्रीचं कापड बोटांत चोळून म्हणाला, "काय भाव मीटर?" मी हजाराच्या वरचा आकडा सांगितला. तो म्हणाला, "विमानासकट देता काय?" दुसऱ्या एका सधन बापाला आपला नवरदेव पोरगा थेट मांडवाशेजारी आकाशातून उतरवायचा होता. असं उतरायला आधी शेकडो उड्या लागतात, हे मी समजावलं. त्याने दोन मिनिटं विचार केला.

"मंग तुमचाच मानूस उतरवा ना शेरवानी घालून. वर कोन ओळखते?"

"आणि खाली आल्यावर?"

"खाली आला का आडोशाले न्या त्याले. आमचा पोट्टा तिथूनच बाहेर काढू. वऱ्हाडी कायले तपासाले येते?"

दिवाळी अंकाच्या संपादकांना असे किस्से हवे होते. माझ्याकडे अजून आहेत. पण यंदा लिहायला बसलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी, आणि ती मजेची नाही.

त्यासाठी राखीव छत्रीचं थोडं समजून घ्यावं लागेल. मुख्य छत्री उडी मारणारा रोज स्वतः घडी करतो. तिच्यात काही बिघडलं तर त्याला दिसतं. राखीव छत्रीला तो हात लावत नाही. ती रिगर बंद करतो, वर दोऱ्याचं आणि शिशाचं सील लावतो, आणि ती तशीच मानेखाली, पाठीवर बसून राहते. वापरली नसली तरी ठरलेल्या मुदतीत, बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांनी, ती रिगरकडे परत यायला हवी. तो ती पूर्ण उघडतो, कापडाचा प्रत्येक तुकडा उजेडात धरतो, दोऱ्या मोजतो आणि पुन्हा बंद करतो. कितीतरी लोक वर्षानुवर्षं उडतात आणि त्यांची राखीव छत्री एकदाही उघडत नाही. ज्याची उघडते त्याच्याजवळ तिसरी नसते.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात प्रफुल्ल त्याची रिग घेऊन माझ्याकडे आला. नाव बदललं आहे. मुकुटबनच्या पुढच्या एका खेड्यातला, तिशीचा. आधी पिकअप चालवायचा, पांढरकवड्याहून हैदराबादच्या बाजूला भाजीपाला न्यायचा. एकदा एका शिबिराचं सामान वाहायला गेला आणि तिथलाच झाला. आधी जमिनीवरची कामं केली, मग मिळालेल्या पगारातून उड्या मारत गेला. दोनशेच्या वर उड्या झाल्या. शिबिरात हौशी लोक उडी मारतात तेव्हा त्यांच्यासोबत उडी मारून चित्रीकरण करणारा एक जण लागतो. ते काम त्याला देऊ केलं होतं, पण रिग स्वतःची हवी होती. त्याने पिकअप विकला आणि चार लाख दहा हजारांत वापरलेली रिग घेतली. घ्यायच्या आधी माझ्याकडून तपासून घेतली होती. रिग चांगली होती. मीच तसं म्हणालो होतो. दिवाळीनंतर हंगाम सुरू व्हायचा होता आणि त्याआधी राखीव छत्रीची मुदत संपत होती, म्हणून तो आला होता.

फार खुशीत होता. त्याची आई या रिगला मढ्याचं गाठोडं म्हणायची आणि घरात येऊ द्यायची नाही. सहा महिने ती कडब्याच्या खोलीत खुंटीला टांगलेली होती.

"चाचा, या वर्षी काय झालं मालूम? दसऱ्याले अवजारं मांडली ना आईनं पूजेले, त मले न सांगता हे बी मांडलं. हळदकुंकू, फुलं, नारळ, सगळं. म्हने, पोट्ट्याच्या पोटाची भाकर आहे ते. मी त पाहातच राह्यलो."

मी हसलो आणि पिशवी उलटी केली. पाठीला टेकते त्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा फिकट डाग होता, उजव्या मांडीच्या पट्ट्यावर त्याचा ओघळ. कापड तिथे जरा कडक लागलं.

"हे कायचं पाणी लागलं?"

"पानी? नाही बाप्पा. पान्यात नेलीच कुठं?"

"पूजेत जवळ काय काय होतं?"

त्याने बोटांवर मोजलं. विळे, कुऱ्हाड, फवाऱ्याचा पंप, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर, ट्रॅक्टरची बॅटरी. माझा हात थांबला.

"बॅटरी काहून?"

"काकानं चार्जिंगले काढली होती. काठोकाठ भरली होती त्यानं. काहून, काय झालं?"

नायलॉनला उंदीर कुरतडतो, उन्हाने ते जुनं होतं, पण हे सगळं डोळ्यांना दिसतं. बॅटरीतलं पाणी म्हणजे तेजाब, ॲसिड. त्याने नायलॉन कुजतं, आणि कुजलेलं कापड कितीतरी दिवस चांगल्या कापडासारखंच दिसतं. सुभेदारांनी हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. ज्या गाडीत सुटी बॅटरी ठेवलेली असेल त्या गाडीत ते छत्री ठेवत नसत. मी तेजाब ओळखणाऱ्या परीक्षेच्या कागदाची पट्टी शुद्ध पाण्यात ओली करून डागावर दाबली. ती लाल झाली. पट्ट्यावर दाबली, तिथेही लाल. मग सील तोडून राखीव छत्री बाहेर काढली. पूजा मांडलेली दीड दिवस तशीच होती, रिग पाठीकडची बाजू खाली करून आडवी ठेवलेली. जमिनीवर ओघळलेलं पाणी पिशवीतून वर चढत आत मुरलं होतं आणि राखीव छत्रीच्या घडीच्या चार थरांपर्यंत गेलं होतं.

"धुतलं त जाईन ना?"

"पाणी जाईल. कापडाचा गेलेला जोर येत नाही."

त्याचा विश्वास बसला नाही आणि बसावा अशी माझीही अपेक्षा नव्हती. कापडाचा जोर पाहायची एक रीत आहे. दोन रुंद चिमटे थोड्या अंतरावर लावायचे, एकाला ताणकाटा अडकवायचा आणि ठरलेल्या वजनापर्यंत ओढून क्षणभर धरायचं. चांगलं कापड सहज तग धरतं. मी चिमटे लावले आणि काटा त्याच्या हातात दिला.

तो हळूच ओढायला लागला. काटा निम्म्यावर गेला आणि तो म्हणाला, "झालं."

"अजून."

"टिकलं ना आता."

"खुणेपर्यंत ओढ."

त्याने ओढलं. कापड जुन्या धोतरासारखं फाटलं. आवाजही फार झाला नाही. तो तसाच काटा धरून उभा राहिला, मग म्हणाला दुसऱ्या जागी पाहू. दुसरी जागा डागापासून दूर होती, तिथे टिकलं. तिसऱ्या जागी टिकलं. त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

"पाहा ना चाचा, एकच तुकडा खराब आहे. थो बदलून द्या. तुमच्यासारखा शिवनारा कोन आहे?"

"कुठवर मुरलंय ते मला दिसत नाही, प्रफुल्ल. उद्या कुठे फाटेल तेही माहीत नाही. आणि मांडीचा पट्टा? सगळं वजन त्याच्यावर येतं."

"मी लिहून देतो. जोखीम माझी."

"सील माझं असतं."

"तुमचं सील, अन् पिकअप कोनाचा गेला?" तो ओरडला. लगेच खाली बसला. "मले सांगा, मी आईले काय सांगू? एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हात लावला तिनं याले. पहिल्यांदा. अन् मी घरी जाऊन सांगू का तुह्या पूजेनंच…"

मी पट्टे, पिशवी आणि राखीव छत्री बाद ठरवली. मुख्य छत्रीची एक कडही गेली होती. छोटं यंत्र, घड्याळ आणि हेल्मेट एवढंच वाचलं. विकायला गेलं तर लाखाच्या आत. त्यात रिग येत नव्हती आणि पिकअपही येत नव्हता. आमच्या कामात बाद झालेली रिग कापून टाकायची रीत आहे, म्हणजे चुकूनही पुन्हा कुणाच्या पाठीवर जायला नको. पण ती मालकाची वस्तू, त्याची परवानगी लागते. मी कात्री काढली तेव्हा त्याने दोन्ही हात रिगवर ठेवले.

"कापू नका. घरी भिंतीले टांगून ठेवतो. एवढं त राहू द्या."

मी पिशवीच्या खिशातल्या कार्डावर 'बाद' असं लिहिलं, सही केली आणि रिग त्याच्या हातात दिली.

चार दिवसांनी त्याच्या आईचा फोन आला. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"भाऊ, तुमच्याकून आल्यापासून पोट्टा माह्याशी बोलत नाही नीट. जेवते अन् उठते. पूजेत माहं काही चुकलं काय?"

"पूजेत काही चुकलं नाही, ताई. बॅटरीचं पाणी लागलं."



"बॅटरी त मीच नेऊन ठेवली त्याच्याजवळ. लय जड होती भाऊ. दोन्ही हातानं नेली." मग म्हणाल्या, "आता थो वापरनार नाही ना ते?"

"नाही. तसं बोलला आहे."

"मंग पैशाचं जाऊ द्या," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. घरात वाचलेल्या जीवाचा हिशेब त्यांनी एका वाक्यात मिटवला होता. मलाही त्या दिवशी बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला ट्रकवाल्यांच्या ताडपत्र्या पोचवायला पांढरकवड्याला गेलो होतो. हायवेच्या कडेला एका चहाच्या टपरीसमोर पिकअप उभा होता, वापरलेला पण पुसून चकचकीत केलेला, पुढे झेंडूची माळ. प्रफुल्ल टायर पाहत होता. मला पाहून उभा राहिला पण पुढे आला नाही. केबिनमधून एक बाई उतरल्या आणि थेट माझ्याकडे आल्या.

"तुम्हीच ना ते दिग्रसचे भाऊ? यानं सांगतलं. पाहा, गाडी आली घरात. अर्धे पैसे त्या सामानाचेच आले, अर्ध्याचं काकानं पाहिलं."

"कुठल्या सामानाचे?"

"तेच, छत्रीचं. मी दोन डाव धुतलं, सावलीत वाळवलं. डाग एक राह्यला नाही भाऊ. माह्या हातानं खराब झालं होतं, माह्याच हातानं साफ केलं. जीव हलका झाला माहा." त्या हसत होत्या. "चहा सांगतो तुमच्यासाठी," म्हणत टपरीकडे गेल्या.

मी प्रफुल्लला बाजूला घेतलं.

"कोणाला विकली?"

"ऑनलाइन गेली. कुरिअरनं."

"फाटलेली राखीव छत्री घेतली त्याने?"

"एका जनाकून शिवून घेतली. दिसत बी नाही."

"आणि कार्ड?"

तो पुन्हा टायरकडे पाहायला लागला.

"त्याला सांगितलंस?"

"सांगतलं असतं त घेतलं असतं काय कोनी?"

"नाव दे त्याचं. नंबर दे."

"नाही देत. तुम्ही फोन करसान, थो पैसे मांगन, गाडी जाईन. आईले काय सांगू मंग? पाहा तिच्याकडे."

"अरे, मरेल तो माणूस."

"काहून मरन? रिझर्व्ह कोनाले लागते चाचा? तुम्हीच म्हनत होते ना, हजारात एखाद्या वेळी."

मी म्हणत होतो, हे खरं आहे. नव्या लोकांची भीती जावी म्हणून मी सगळ्यांनाच तसं सांगतो. मी त्याला म्हणालो, रोज एक उडी मारणाऱ्याला हजार पूर्ण करायला तीन वर्षंही लागत नाहीत. त्यावर तो म्हणाला, "तीन वर्षांत त मुदत येते ना? कोनी रिगर पाहीनच की." तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन आली. तिने बिस्किटंही आणली होती. चहा घेतला, गाडी छान आहे म्हणालो आणि निघालो.

कोणी रिगर पाहीलच, या त्याच्या वाक्यावर मी पुढचे महिने काढले. विक्रीची ती ऑनलाइन जाहिरात शोधली, ती कधीच काढून टाकलेली होती. देशात हे काम करणारे फार नाहीत. ज्यांचे नंबर मिळाले त्या सगळ्यांना पिशवीचा अनुक्रमांक कळवला. दोघांनी "लक्ष ठेवतो" म्हटलं. एकाने विचारलं, मग तू ती परत दिलीस कशी? घरात बायकोनेही हेच विचारलं. परवानगीचा नियम मी दोघांनाही सांगितला. दोघंही नुसतं ऐकून घेतात.

एक गोष्ट त्या माउलीला माहीत नाही आणि मी सांगणारही नाही. तिने दोनदा धुतल्यामुळे आता परीक्षेचा कागद लाल होणार नाही. डाग नाही, शिवण साफ. फक्त त्या खालच्या कोपऱ्यातल्या थरांना कुणी चिमटे लावून खुणेपर्यंत ओढलं, तरच कळेल. आणि चांगल्या दिसणाऱ्या छत्रीला दर वेळी तसं ओढत बसायला सगळ्यांकडे वेळ नसतो. मुदतीपुरती उघडायची, वारा द्यायचा, घडी घालायची आणि सील मारायचं.

म्हणून हे लिहितो आहे. दिवाळी अंक वाचणाऱ्यांपैकी उड्या मारणारे किती, हे मला माहीत आहे. एक तरी निघेल की नाही शंका आहे. पण कुणाचा भाचा असेल, कुणाची मुलगी नोकरीला लागून असा शौक करत असेल, आणि नवं सामान आठ लाखांच्या वर जातं म्हणून तिने वापरलेली रिग घेतली असेल. पिशवी गडद निळी, पट्टे राखाडी. राखीव छत्री पांढरी, मागच्या बाजूला एका तुकड्यात मागाहून घातलेली शिवण. खिशात जुनं कार्ड नाही किंवा नवं कोरं कार्ड आहे. अशी रिग दिसली तर ती वर नेऊ नका. माझा पत्ता आणि पिशवीचा अनुक्रमांक संपादकांकडे आहे. रिग माझ्याकडे आणा, जाण्यायेण्याचा खर्च मी देईन. हा अंक मुकुटबनकडे पोचला आणि त्या बाईने वाचला तर काय होईल, याचा विचार करून मी दोनदा हा मजकूर फाडला होता.

राखीव छत्रीची मुदत त्यानंतर एकदा नक्की येऊन गेली असणार. म्हणजे ती कुणाच्या तरी टेबलावर उघडली गेली असेल आणि पुन्हा बंद झाली असेल. मला कुणाचा फोन आलेला नाही. वाईट बातमीचाही नाही. लोक मला सांगतात की याचा अर्थ सगळं ठीक आहे. मी तसं धरू शकत नाही. फोन वाजला की आधी नंबर पाहतो, अनोळखी असला तर उचलायला हात पुढे होत नाही, तरी उचलतो.